रात्री बसवलेली क्लिप, सकाळी तुटलेली

मंगळवारी सकाळी साडेआठला पार्टीच्या, म्हणजे आमचा माल घेणाऱ्या गाडी कंपनीच्या, लाइनवरून फोन आला. "मॅडम, तुमच्या क्लिपा काल सेकंड शिफ्टला बसवल्या होत्या. आत्ता बघतोय तर ट्रॉलीत तुकडे पडलेत."

भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. रिजेक्शनचे फोन नवे नाहीत. बर (कापलेल्या कडेचा धारदार कंगोरा) राहिलाय, भोक सरकलंय, पेटीत नग कमी आलेत, हे चालूच असतं. पण "बसवताना तुटली" आणि "बसवून ठेवली, मग रात्रीतून तुटली" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली तक्रार बहुतेक वेळा डायशी, म्हणजे प्रेसच्या साच्याशी, किंवा बसवणाऱ्याच्या हाताशी येऊन थांबते. दुसरी थेट धातूच्या पोटात शिरते. त्या फोननंतरचे चार महिने मी इथे मांडते आहे, कारण क्लिप आणि क्लॅम्प बनवणाऱ्या कितीतरी छोट्या युनिट्सच्या ड्रॉइंगवर आजही तीच ओळ आहे जी आमच्या ड्रॉइंगवर होती.

आधी वस्तू कोणती ते सांगते. गाडीच्या पोटाखालून ब्रेकची नळी जाते, ती जागेवर धरून ठेवणारी ही क्लिप. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून निघते, वजन जेमतेम सहा ग्रॅम. एका बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखं तोंड, ते पत्र्याच्या कडेवर चढतं. दुसऱ्या बाजूला नळीला मिठी मारणारा गोल लपेटा. तोंडाची फट पत्र्याच्या जाडीपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणजे क्लिप चढली की तोंड फाकतं आणि गाडी भंगारात जाईपर्यंत फाकलेलंच राहतं. त्या यूच्या वळणावर कायमचा ताण असतो. ड्रॉइंग सांगत होतं: सी-७५-एस स्प्रिंग स्टील, हार्डन-टेम्पर (तापवून, थंड करून कडक) करून ४६ ते ५० एचआरसी (कडकपणा मोजायचं एकक), वर ८ मायक्रॉन झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा थर, आणि त्याला जपणारं पांढरं पॅसिव्हेशन. एका गाडीत अशा सात क्लिपा, त्यातली एक सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर.

चाकणला पार्टीच्या लाइनवर पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. लाइनवाल्यांनी चौदा क्लिपांचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तुकडे पुसून फेकले असते तर आम्ही महिनाभर चाचपडलो असतो. चौदाही क्लिपा एकाच जागी तुटल्या होत्या, यूच्या वळणाच्या आतल्या अंगाला. दहापट भिंगातून पाहिलं तर तुटलेल्या तोंडावर धातू ओढला गेल्याची, वाकल्याची खूणच नव्हती. खडीसाखर फोडल्यावर दिसतो तसा बारीक, चमकता दाणा होता. नंतर लॅबच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही तेच दाखवलं: चीर दाण्यांच्या आरपार गेलेली नव्हती, दोन दाण्यांमधल्या सीमेवरून पळालेली होती.

आम्ही काय काय तपासलं

आमच्याकडच्या जुन्या डाय फिटरना सगळे काका म्हणतात. तुकडा हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "ताई, पट्टीचा ग्रेन बघितलास का?" प्रश्न रास्त होता. कॉइल रोलिंग मिलमधून निघताना धातूचे दाणे लांबीच्या दिशेने ओढले जातात. वळणाची रेघ त्या दिशेला समांतर आली तर बाहेरच्या अंगाला तडे जातात, आडवी आली तर वळण सुखरूप निघतं. पट्टी वाचवायच्या नादात नेस्टिंग करताना, म्हणजे पट्टीवर नग दाटीने मांडताना, हे हमखास विसरलं जातं. पण आमचं वळण ग्रेनला आडवंच होतं.

मग हार्डनेस पाहिला. ४८ ते ५०. जास्तच्या बाजूला होता, पण ड्रॉइंगच्या आत. कॉइलचं टेस्ट सर्टिफिकेट बरोबर होतं, कार्बन ०.७० ते ०.८० टक्क्यांच्या पट्ट्यात. बर बाहेरच्या अंगाला होता, तुटलेल्या बाजूला नाही. आतल्या वळणाची त्रिज्या मात्र ०.८, म्हणजे पट्टीच्या जाडीइतकीच. इतक्या कडक मालाला ती घट्टच. काकांनी तिथे पेन्सिलने गोल केला आणि म्हणाले, "हे पण आहेच, पण हे एकटं नाही."

एकटं नव्हतं हे घड्याळ सांगत होतं. त्रिज्येमुळे किंवा अतिकडकपणामुळे तुटणारी क्लिप बसवताना कट्‌कन तुटते. ही बसताना नीट बसली, तपासणीत पास झाली आणि काही तासांनी, कोणी हात न लावता, गेली. कडक स्टील, कायमचा ताण आणि मध्ये गेलेला वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्लेटिंगच्या टाकीकडे बघायचं. तिथून धातूत हायड्रोजन शिरतो.

होतं असं. हीट ट्रीटमेंटहून आलेल्या मालावर काळपट पापुद्रा असतो, तो काढायला माल ॲसिडमध्ये बुडवतात. ॲसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सोडतं. पुढे प्लेटिंगच्या टाकीत क्लिपेवर जस्त बसतं तेव्हा सोबत हायड्रोजनही तयार होतो. अल्कलाइन झिंकमध्ये तो जास्त असतो, कारण तिथे विजेचा बराचसा भाग जस्त बसवण्याऐवजी पाण्यातून वायू काढण्यात खर्च होतो. त्यातला बराच बुडबुडा होऊन उडून जातो, पण काही अणू स्टीलच्या आत शिरतात. अणू इतका लहान की धातूच्या जाळीतून फिरतो आणि जिथे ताण सगळ्यांत जास्त तिथे जाऊन जमतो. आमच्या क्लिपेत ती जागा म्हणजे यूचं वळण. तिथे दाण्यांमधली पकड सैल पडते, चीर सुरू होते, थोडी पुढे सरकते, पुन्हा हायड्रोजन तिच्या टोकाशी जमतो, पुन्हा सरकते. मऊ पत्र्याला याचा फारसा त्रास होत नाही. जितकं स्टील कडक, तितका धोका चढत जातो, आणि ४८ ते ५० एचआरसी म्हणजे १६०० मेगापास्कलच्या आसपासची ताकद. हायड्रोजनसाठी यापेक्षा सोपं सावज नाही.

यावर उपाय ठरलेला आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत टाकायचा, १९० ते २२० अंशांवर कित्येक तास ठेवायचा, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. मालासोबतच्या आमच्या चलानवर "बेकिंगसह", म्हणजे हे भट्टीत ठेवणं धरून, असं लिहिलेलंही होतं.

त्याच दुपारी मी प्लेटिंगवाल्याकडे गेले. माणूस प्रामाणिक आहे, त्याने रजिस्टर समोर ठेवलं. आमचा लॉट टाकीतून निघाला संध्याकाळी पावणेसातला. भट्टीत गेला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. मधले बारा तास माल क्रेटमध्ये पडून होता, कारण भट्टी दुसऱ्याच्या मालाने भरलेली होती. शिवाय त्या आठवड्यात पापुद्रा निघेना म्हणून ॲसिडमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला होता, हेही त्याने स्वतःहून सांगितलं. त्याच्या बाजूने एक अडचण मला तिथे उभं राहून कळली. बेकिंग पॅसिव्हेशनच्या आधी करावं लागतं, नाहीतर त्या तापमानात पॅसिव्हेशनचा थर खराब होतो. म्हणजे माल टाकीतून काढा, सुकवा, भट्टीत न्या, थंड करा, पुन्हा लाइनवर आणून ॲक्टिव्हेट करा आणि मग पॅसिव्हेट करा. किलोवर पैसे मिळणाऱ्या माणसाला ही दुहेरी उचल जड जाते. आम्ही त्याला त्या उचलीचे वेगळे पैसे कधी दिले नव्हते.

संशय पुरेसा नव्हता, पुरावा हवा होता. एकाच हीट ट्रीटमेंट लॉटच्या क्लिपांचे तीन ढीग केले. पहिला बिनप्लेटिंगचा, दुसरा प्लेटिंग करून तासाभरात बेक केलेला, तिसरा प्लेटिंग करून बारा तासांनी बेक केलेला. प्रत्येकी शंभर. ड्रॉइंगमधल्या पत्र्याच्या कमाल जाडीच्या पट्ट्या कापल्या, क्लिपा त्यांवर चढवल्या आणि क्वालिटी रूमच्या खिडकीत ४८ तास ठेवल्या. पहिल्या ढिगात शंभरच्या शंभर शाबूत. दुसऱ्यातही शंभर. तिसऱ्यात नऊ गेल्या, त्यातली एक माझ्या डोळ्यांदेखत. मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि टिक असा बारीक आवाज आला, इतकंच.

पुढचा निर्णय पैशांनी जड होता. लॉटमधले उरलेले नग परत बेक करून चालवता येतील का, असं मालकांनी विचारलं. नाही. हायड्रोजन नंतर काढता येतो, पण तोवर पडलेली चीर भट्टीत सांधत नाही. कोणत्या क्लिपेत चीर आहे हे आमच्या कुठल्याही गेजला कळणार नव्हतं, आणि ही ब्रेकच्या नळीची क्लिप होती. सगळा लॉट आम्ही हातोड्याने चेपून भंगारात घातला, म्हणजे चुकूनही कोणाच्या पेटीत जायला नको. मालकांनी एका शब्दानेही खळखळ केली नाही, हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

मग धातू कोणता

इथपर्यंतची गोष्ट प्रक्रियेची. बेकिंगची वेळ पाळा, रजिस्टर तपासा, मिटलं. पार्टीची क्वालिटी टीमही तेवढ्यावर फाइल बंद करायला तयार होती. मी आणि काका अडून बसलो. दर लॉटला चार तासांच्या घड्याळावर जिचा जीव टांगलेला आहे अशी क्लिप ड्रॉइंगवरच चुकलेली आहे, असं आमचं म्हणणं होतं. कागदावर "सी-७५-एस" लिहिलं की धातू निवडून झाला असं आपण समजतो. पण कॉइल, भट्टी आणि वरचा थर या तिन्हींतून जे बाहेर पडतं तो खरा धातू. यांतला एकही बाकीच्या दोघांना न विचारता ठरवला तर असंच होतं.

बैठकीत पार्टीकडच्या तरुण डिझाइन इंजिनिअरने लगेच सुचवलं, "एसएस ३०४ करून टाकू. गंजायचा प्रश्नच मिटला." हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की इथे जरा थांबते. ३०४ चांगला धातू आहे, पण बाजारात पटकन मिळणारा मऊ ३०४ पत्रा स्प्रिंग नाही. त्याची क्लिप एकदा फाकवली की फाकलेलीच राहते. स्टेनलेसमध्ये स्प्रिंग हवी तर ३०१ घ्यावा लागतो. १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि ६ ते ८ टक्के निकेल असलेला हा माल थंड रोलिंग करतानाच कडक होत जातो आणि अर्धा, पाऊण, पूर्ण कडक अशा प्रतींत मिळतो. पाऊण कडक प्रतीची ताकद किमान १२०५ मेगापास्कल. त्याला हार्डनिंग नको, ॲसिड नको, प्लेटिंग नको. म्हणजे हायड्रोजन शिरायची दारंच बंद.

पण सातही क्लिपा ३०१ मध्ये करायला मी तयार नव्हते. एक तर किंमत. दुसरं, कडक ३०१ चा स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवल्यावर मागे उसळणं, इतका की वळणाचे सगळे पंच नव्याने घासावे लागतात, आणि धार लवकर जाते. तिसरं कारण जरा खोलातलं आहे. क्लिप किती जोराने पकडते हे हार्डनेस ठरवत नाही. ते धातूचा स्थितिस्थापकतेचा गुणांक आणि पट्टीची जाडी ठरवते. हार्डनेस फक्त एवढंच ठरवतो की क्लिप कायमची फाकण्याआधी किती फाकू शकते. तो ४२ वरून ५० केला तरी पकड रतीभरही वाढत नाही. जाडी मात्र ०.८ ची ०.९ केली की पकड जवळपास ४२ टक्क्यांनी वाढते, कारण हिशेब जाडीच्या घनाचा असतो. कडक ३०१ चा गुणांक कार्बन स्टीलपेक्षा थोडा कमी, त्यामुळे त्याच मापाची क्लिप थोडी सैल पकडते. हे समजल्यावर माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला: मग मुळात ५० एचआरसी हवा कशाला होता?

कोणाला माहीत नव्हतं. जुन्या एका ड्रॉइंगवरून आकडा उचलला होता. आम्ही क्लिप फाकवून फाकवून मोजली. पत्र्याच्या कमाल जाडीवर चढवून उतरवल्यावर फट मूळ मापावर यायला ४२ ते ४५ एचआरसी पुरत होता, वळणाची त्रिज्या ०.८ ची १.२ केली तर आरामात पुरत होता. म्हणजे हायड्रोजनला आमंत्रण देणारा तो वरचा कडकपणा आम्ही वर्षानुवर्षं विनाकारण वाहत होतो.

इतकं कळल्यावर सात क्लिपांचे दोन पार्ट नंबर झाले.

सहा क्लिपांसाठी धातू सी-७५-एसच ठेवला, पण तेलात थंड करून टेम्पर करण्याऐवजी ऑस्टेम्परिंग. माल तापवून थेट ३०० अंशांच्या वरच्या वितळलेल्या मिठाच्या टाकीत बुडवायचा आणि तिथेच थांबवायचा, म्हणजे बेनाइट नावाची चिवट घडण तयार होते. पातळ पट्टीच्या क्लिपा यात कमी वाकडतात, आणि त्याच हार्डनेसला जास्त चिवट राहतात. थर म्हणून प्लेटिंगऐवजी झिंक फ्लेक. यात जस्ताचे आणि ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे मिसळलेल्या रसात माल बुडवतात, फिरवून जादा रस उडवतात आणि भट्टीत पक्का करतात. विजेची टाकी नाही. हीट ट्रीटमेंटचा काळपट पापुद्रा काढायलाही ॲसिडऐवजी बारीक शॉट, म्हणजे छर्रे, मारतात. भट्टीचं तापमान मात्र आधी विचारून घ्यायचं, कारण ते हीट ट्रीटमेंटच्या तापमानाच्या वर गेलं तर कमावलेला कडकपणा उतरतो.

गंजाचं पारडंही इकडेच झुकत होतं. आयएसओ ९२२७ च्या मिठाच्या फवाऱ्यात, म्हणजे ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात, नव्या थराच्या क्लिपा ७२० तास लाल गंजाशिवाय राहिल्या. आमचं ८ मायक्रॉनचं प्लेटिंग त्याच्या जवळपासही जात नव्हतं. रत्नागिरी, मालवणकडे चालणाऱ्या गाडीचं पोट ज्यांनी लिफ्टवर घेऊन पाहिलंय त्यांना या तासांचा अर्थ सांगायला नको. जुने लोक अजून पिवळ्या प्लेटिंगची आठवण काढतात, आणि ते टिकायचं हे खरंच आहे. पण त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम विषारी. युरोपने गाड्यांच्या गंजरोधक थरांतून तो १ जुलै २००७ पासून हद्दपार केला, आणि निर्यातीच्या गाड्यांमुळे आपल्याकडेही तो मागे पडत गेला.

सातवी क्लिप, सायलेन्सरजवळची, ३०१ पाऊण कडक. तिथे प्रश्न गंजाचा कमी आणि उष्णतेचा जास्त होता. कार्बन स्प्रिंग स्टील दीडशे अंशांच्या वर सतत तापत राहिलं तर हळूहळू ताण सोडतं. क्लिप तुटत नाही, पण पकड ढिली पडते, नळी थरथरते आणि महिन्यांनी घासून झिजते. ३०१ त्या तापमानाला निवांत असतो.

ट्रायल सरळ गेल्या नाहीत. फ्लेकच्या पहिल्या लॉटमध्ये क्लिपा एकमेकींच्या तोंडात अडकून जोड्याजोड्यांनी निघाल्या, आणि जिथे दोघी चिकटल्या तिथे थरच नव्हता. यूच्या कोपऱ्यात रस साचून फट बुजली ती वेगळीच. बास्केटमधला माल निम्मा केला, तोंडाच्या टोकाला बाहेर वळवलेली जीभ दीड मिलिमीटरने वाढवली, तेव्हा ते थांबलं. ३०१ चा पहिला माल तर पार्टीच्या स्टोअरनेच परत पाठवला. शेरा होता: "स्टेनलेस नाही, चुंबकाला चिकटते." स्टोअरवाल्या दादांची चूक नव्हती, त्यांना तसंच शिकवलेलं. पण ३०१ रोलिंगमध्ये कडक होताना त्याची अंतर्गत घडण काही प्रमाणात बदलते आणि तो चुंबकाला ओढू लागतो. मी स्वतः जाऊन त्यांच्यासमोर मऊ ३०१ आणि कडक ३०१ असे दोन तुकडे चुंबकाला लावून दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, हे ड्रॉइंगवर लिहून द्या, म्हणजे माझ्या जागी उद्या दुसरा आला तरी अडणार नाही." ती टीप आता ड्रॉइंगवर आहे, आणि ती सुचवणारे ते आहेत.

खर्चाचं सांगायचं तर फ्लेकचा किलोचा दर प्लेटिंगच्या दुपटीजवळ पडला. पण बेकिंगची दुहेरी उचल गेली, आणि सहा ग्रॅमच्या नगावर फरक पैशांत राहिला. पार्टीच्या खरेदी विभागाने तो तीन आठवडे अडवून धरला. शेवटी त्या चौदा तुकड्यांची पिशवी टेबलावर ठेवली, तेव्हा सही झाली.

याच धाग्यावर आम्ही मग कूलंट होजचे क्लॅम्पही पाहायला घेतले. स्क्रूवाला क्लॅम्प अख्खा ३०४ चा घेतला तरी तो रबराच्या मागे जात नाही. होज कालांतराने दबतो, थंडीत आकसतो, आणि पहाटे गाडीखाली कूलंटचा ठिपका दिसतो. तिथे स्वतःहून आवळत राहणारा स्प्रिंग बँड क्लॅम्प लागतो, तो ५१-सीआर-व्ही-४ सारख्या क्रोम-व्हॅनेडियम स्टीलचा, आणि त्यावरही झिंक फ्लेकच. तोही कायम ताणाखाली, तोही कडक, म्हणजे आमच्या क्लिपेचा थोरला भाऊच.

सध्या टेबलावर आहे ती इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी ट्रेची क्लिप. ट्रे ॲल्युमिनियमचा. पार्टीच्या ड्रॉइंगवर ३०१ लिहिलंय, आणि मिठाच्या पाण्यात स्टेनलेसला टेकलेलं ॲल्युमिनियम स्वतः झिजत जातं, क्लिप मात्र लखलखीत राहते. आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अर्ध्या ३०१ च्या आणि अर्ध्या फ्लेकच्या क्लिपा चढवून फवाऱ्यात ठेवल्या आहेत. काल दहावा दिवस होता. ३०१ च्या क्लिपांखाली पांढरी पूड दिसायला लागली आहे. फ्लेकच्या बाजूला काका रोज भिंग घेऊन बसतात, अजून काही नाही.